पाझर तलावाच्या बांधदुरुस्तीचे काम : अभिप्राय

आमच्या गावच्या पाझर तलावाच्या मातीच्या बांधाची दुरुस्ती ज्या ठेकेदाराने केली, त्याचे काम एकंदरीत चोख आहे. बांधावरची बाभळीची झुडपे त्याने नुसती तोडली नाहीत, तर मुळांसकट काढली, ते खड्डे ओलसर मातीच्या पातळ थरांनी भरले आणि प्रत्येक थर नीट दाबून घेतला. कुजलेल्या मुळांच्या पोकळीतूनच पाणी वाट काढते, याची जाण असलेली माणसे फार कमी भेटतात. गाभ्यात काळी माती आणि बाहेर मुरूम हा क्रमही कुठे मोडला नाही.

नाराजी आहे ती सांडव्याबाबत, म्हणजे तलाव भरल्यावर जादा पाणी बाहेर काढून देणाऱ्या वाटेबाबत. मातीच्या बांधावरून पाणी वाहू लागले की माथा झपाट्याने कापला जातो, म्हणून सांडव्याच्या तोंडाशी साचलेला गाळ सर्वांत आधी काढायला हवा होता. तो आम्हाला पाठपुरावा करून काढून घ्यावा लागला. २ जुलै २०१९ रोजी चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटून वीसहून अधिक जीव गेले, त्यानंतर तरी अशी दिरंगाई खपवून घेऊ नये.

पायथ्याच्या चरातून येणारे पाणी सध्या नितळ आहे. ते गढूळ झाले, तर आतली माती वाहून जात आहे असे समजावे. पावसाळ्यातील नियमित पाहणी करारात लिहून घेऊनच हे काम द्यावे.