मणी ओवायला नायलॉनचा दोरा की स्टीलची तार?

हार करायला बसलं की पहिला घोळ इथेच होतो. टिकाऊपणा बघायचा तर जड दगडी किंवा धातूच्या मण्यांना तारच हवी. त्यांच्या भोकाची कड धारदार असते. दोरा तिथे घासून विरतो आणि एक दिवस सर तुटतो. तार म्हणजे एकच कांब नव्हे: वर नायलॉनचा थर, आत 7, 19 किंवा 49 बारीक पदर. पदर जास्त तितकी ती मऊ पडते. 7 पदरी तार एकदा मुडपली की मुरड जात नाही, आणि पुढे तुटते तीही तिथेच.

मेहनतीचं म्हणाल तर तारेला सुई लागत नाही, पण गाठही बसत नाही. टोकाला क्रिंपमणी, म्हणजे दाबला की चपटा होऊन तार धरून ठेवणारा धातूचा बारीक मणी, घालून पकडीने दाबायचा. फार दाबला तर तोच तार कापतो. दोरा मात्र ओवण्याआधी ताणून घ्या, नाहीतर पुढे मण्यांमध्ये फटी दिसतात. गाठीवर गोंदाचा थेंब हवाच.

स्वस्त दोराच, त्यात वाद नाही.

मोत्यांमध्ये गाठी मारायच्या असतील किंवा 2 मिमीच्या काचमण्यांतून तीन-चारदा सुई फिरवायची असेल, तर दोरा. रोजच्या वजनदार माळेला 19 किंवा 49 पदरी तार.