शब्दांवाचून ‘माय फेअर लेडी’: आठ महिन्यांच्या ऐकण्यानंतर

ड्रमवादक शेली मॅन, पियानोवादक आंद्रे प्रेविन आणि बासवादक लेरॉय विनेगर या तिघांनी वाजवलेल्या ‘माय फेअर लेडी’तील गाण्यांचा जॅझ अल्बम मी गेले आठ महिने नियमित ऐकते आहे. फ्रेडरिक लोव यांच्या संगीताची ही संगीतिका १५ मार्च १९५६ रोजी ब्रॉडवेवर आली आणि त्याच वर्षी १७ ऑगस्टला, अवघ्या पाच महिन्यांत, लॉस एंजेलिसमध्ये हे ध्वनिमुद्रण झाले.

घेताना मनात एक शंका होती. ही संगीतिका बर्नार्ड शॉच्या ज्या ‘पिग्मॅलियन’ नाटकावर आधारलेली आहे, त्यावरूनच पु. ल. देशपांड्यांनी केलेली ‘ती फुलराणी’ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या कथेचा प्राण उच्चारांत आहे हे सांगायला नको. मग अशा नाटकातून शब्दच काढून घेतल्यावर हाती काय उरणार?

‘आय हॅव ग्रोन अकस्टम्ड टू हर फेस’ या गाण्याने ती शंका फेडली. रंगमंचावर, फुलवालीला शुद्ध उच्चार शिकवणाऱ्या प्रोफेसर हिगिन्सच्या भूमिकेत, रेक्स हॅरिसन हे गाणे बरेचसे बोलतच म्हणत, त्यामुळे त्याची चाल त्यांच्या शब्दफेकीआड राहत असे. प्रेविन ती संथपणे, स्वर न् स्वर तोलून वाजवतात, तेव्हा हिगिन्सला जे कबूल करणे जड जाते ते त्या चालीत आधीपासूनच होते, हे उमगते. हे गाणे मी सर्वाधिक वेळा ऐकले आहे.

सुरुवातीचे काही आठवडे माझे सारे लक्ष पियानोकडे असे. मॅन यांचे वादन किती सुरेल आहे, हे बऱ्याच उशिरा लक्षात आले. ते केवळ ठेका धरत नाहीत, पियानोच्या वाक्याला उत्तर देतात. विनेगर यांचा बास मात्र पहिल्या दिवसापासून आवडला. त्यांची एकसारखी, दमदार चाल खाली असते म्हणूनच ‘गेट मी टू द चर्च ऑन टाइम’सारखी द्रुत रचना कुठेही घाईची वाटत नाही. रॉय ड्यूनान यांचे ध्वनिमुद्रण इतके स्वच्छ आहे की साध्या स्पीकरवरही तिन्ही वाद्ये वेगळी ऐकू येतात.

‘ॲस्कॉट गव्होट’ मला अजूनही पुरेसे पटलेले नाही. घोड्यांच्या शर्यतीला जमलेल्या उमरावांचा ताठरपणा हीच त्या गाण्यातील गंमत आहे, आणि जॅझच्या झोक्यात तो ताठरपणा विरघळून जातो. तरीही आठही रचना मी क्रमानेच ऐकते. ते गाणे गाळावेसे एकदाही वाटलेले नाही.