मोतीबिंदू: छोट्या छेदाची शस्त्रक्रिया की फेको?

सरकारी पैशातून कोणते उपचार द्यावेत हे तपासायला भारतात २०१७ पासून आरोग्य संशोधन विभागाच्या अखत्यारीत ‘हेल्थ टेक्नॉलॉजी असेसमेंट इन इंडिया’ ही यंत्रणा आहे. तिनं सुरुवातीच्या काळात हाती घेतलेला विषय म्हणजे मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात बसवायच्या कृत्रिम लेन्स, आणि त्या बसवायच्या दोन शस्त्रक्रिया.

पहिली फेको. तिच्यात जेमतेम तीन मिलिमीटरचा छेद. अल्ट्रासाउंडनं मोतीबिंदूचा चुरा करून ओढून घेतात आणि घडी घातलेली लेन्स आत उलगडते. जखम लवकर भरते, चष्म्याचा सिलिंडरचा नंबर कमी येतो. पण यंत्र महाग.

दुसऱ्या पद्धतीला ‘छोट्या छेदाची’ म्हणतात, पण तिच्यात छेद फेकोपेक्षा मोठा, सहा-सात मिलिमीटरचा, तरी बहुधा टाक्याविना मिटतो. लेन्स कडक आणि स्वस्त. आमच्याकडे खेड्यात म्हातारी माणसं मोतीबिंदू पूर्ण पिकला की मगच दवाखाना गाठतात. असा टणक, तपकिरी मोतीबिंदू आत फोडत बसण्यापेक्षा अख्खा काढणं सोपं जातं.

या यंत्रणेनं खर्च आणि पदरात पडणारी चांगल्या आयुष्याची वर्षं एकत्र मोजली, तेव्हा छोट्या छेदाचीच पद्धत सरस ठरली. मला हा कौल मनापासून पटतो. परवडत असेल त्यानं फेको जरूर करावं. पण तेवढ्याच निधीत जास्त आज्या पुन्हा स्वतः तांदूळ निवडू लागणार असतील, तर सरकारनं आधी तिथं पैसा घालावा.