सक्रिय गाळ प्रक्रिया की स्थिरीकरण तलाव?

शहराचे सांडपाणी नदीत सोडण्यापूर्वी शुद्ध करण्याचे दोन पारखलेले मार्ग म्हणजे सक्रिय गाळ प्रक्रिया आणि स्थिरीकरण तलाव; दोन्हींत घाण खाण्याचे काम जिवाणूच करतात, फरक आहे तो त्यांना प्राणवायू कसा मिळतो यात.

1914 साली मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट या संशोधकांनी मांडलेल्या सक्रिय गाळ प्रक्रियेत ब्लोअरने टाकीच्या तळातून सतत हवा सोडली जाते, जिवाणूंनी भरलेल्या तपकिरी गाळाचे पुंजके पाण्यात घुसळत सेंद्रिय घाण फस्त करतात आणि पुढच्या टाकीत तळाशी बसतात. काही तासांत काम होते, जागाही कमी लागते. मात्र वीज गेली की विरघळलेला प्राणवायू झपाट्याने घटतो आणि पुरवठा लांबला तर अर्धवट शुद्ध झालेले पाणी थेट नदीत जाते. शिवाय गाळ रोज निघतो. त्याची नीट विल्हेवाट न लावणे म्हणजे नदीची घाण जमिनीवर ढकलणे होय.

तलावांत प्राणवायू मुख्यतः सूर्यप्रकाशात वाढणारे शेवाळ पुरवते. पाणी कित्येक दिवस, कधी आठवडेही थांबते. तेवढ्या काळात जंतांची अंडी तळाशी बसतात आणि रोगजंतू मोठ्या प्रमाणात मरतात; रोगजंतूंचा एवढा नाश पहिल्या पद्धतीत क्लोरीन किंवा अतिनील किरणांसारख्या वेगळ्या निर्जंतुकीकरणाशिवाय साधत नाही. अडचण आहे ती जागेची, आणि पाण्याबरोबर बाहेर पडणाऱ्या शेवाळाची.

मोकळी जमीन असलेल्या लहान शहराने तलावच निवडावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. दाट वस्तीच्या महानगराला यांत्रिक पद्धतीकडेच वळावे लागते, आणि तिथे जनरेटर व गाळ हाताळणीची तरतूद पहिल्याच अंदाजपत्रकात असायला हवी.