आयसीटीसी म्हणजे सरकारी एचआयव्ही तपासणी केंद्र, बाहेर जाणाऱ्या पुरुषांनी तर जावंच
आमच्या भागातल्या महापालिका हॉस्पिटलच्या आयसीटीसीबद्दल लिहितोय कारण ट्रान्सपोर्ट लाईनीत अजून कित्येकांना माहीतच नाही की तिथे एचआयव्हीची टेस्ट फुकट होते. आमच्याकडचा एक ड्रायव्हर, बायको गावी, हा कामाठीपुऱ्याच्या वेश्यावस्तीत जायचा, कधी निरोध वापरायचा कधी नाही, एकटा यायला तयार नव्हता म्हणून मी सोबत गेलो आणि त्याला धीर यावा म्हणून माझीपण टेस्ट करून घेतली.

काउन्सेलर ताई एकदम चांगल्या, एकेकाला आत घेऊन दार लावून बोलतात. शेवटचा संबंध कधी आला ते आधी विचारतात, कारण लागण झाल्या झाल्या टेस्टमध्ये दिसत नाही, विंडो पिरियड तीन महिन्यांपर्यंत धरतात, म्हणून आत्ता निगेटिव्ह आलं तरी परत या म्हणतात. टेबलावर लाकडी मॉडेल होतं, त्यावर टोकाची हवा चिमटीत दाबून काढून निरोध कसा चढवायचा ते दाखवलं, चाळिशीतल्या माणसांना हे आयुष्यात कोणी दाखवलेलं नसतं हो! रिपोर्ट त्याच दिवशी मिळाले, त्याचा काय आला तो त्याचा खासगी विषय.

बाहेर आल्यावर तो सारखा म्हणत होता ती बाई बघून तर स्वच्छ वाटत होती. मला हेच पटत नाही, चेहऱ्यावरून कोणाचं कळतं का, आणि तिला तरी लागण कोणाकडून झाली, गिऱ्हाईकाकडूनच ना? नव्वदच्या दशकात मुंबईतल्या सर्वेक्षणात सेक्स वर्कर बायकांपैकी निम्म्याहून जास्त पॉझिटिव्ह निघायच्या, पुढे संस्थांनी वस्तीत निरोध पोचवले, बायकांनी बिननिरोधाच्या गिऱ्हाईकाला नाही म्हणायला सुरुवात केली तेव्हा प्रमाण खाली आलं. तरी आजही जादा पैसे टेकवून बिननिरोधाचं मागणारा पुरुषच असतो, आणि तोच ही लागण घरी नेतो. बायकोला पत्ता नसतो, गरोदरपणातल्या तपासणीत तिला कळतं आणि वर सासरचे तिलाच बोल लावतात, याचा फार संताप येतो.

तक्रार एकच, टेस्टची वेळ दुपारपर्यंतच, म्हणजे रोजंदारीवाल्याचा खाडा होतो, संध्याकाळी चालू ठेवा ना. पण आधी एका प्रायव्हेट लॅबमध्ये काउंटरवर सगळ्यांसमोर टेस्टचं नाव घेऊन हाक मारली होती, त्यापेक्षा इथे शंभर पटीने बरं. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने तुमची संमती आणि गुप्तता दोन्ही बंधनकारक आहेत, कोणी बोभाटा केला तर ऐकून घेऊ नका.

पॉझिटिव्ह आलात तरी एआरटीच्या, म्हणजे विषाणू दाबून ठेवणाऱ्या गोळ्या सरकार २००४ पासून फुकट देतंय, रोज न चुकता घेतल्या आणि व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणूचा आकडा, मोजता न येण्याइतका खाली राहिला तर संबंधातून बायकोला लागण होत नाही. निरोध फाटला असेल तर मात्र टेस्टची वाट बघत बसू नका, पीईपीच्या, म्हणजे संबंधानंतर लागण टाळायला घ्यायच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तरच उपयोग, २८ दिवस घ्यायच्या असतात, लगेच डॉक्टर गाठा. काही विचारायचं असेल तर १०९७ या सरकारी एड्स हेल्पलाईनवर फोन करा, फुकट आहे.