टापा शिकायचा आहे? नक्षीआधी पद्धत निवडा

कागदी तुतीची साल कुटून केलेल्या कापडाला जगभर टापा म्हणतात. प्रशांत महासागरातल्या बेटांवर मात्र प्रत्येकाचं नाव वेगळं: टोंगात न्गातू, सामोआत सिआपो, फिजीत मासी, हवाईत कापा. शिकायला बसणारा बहुधा नक्षी बघून निवड करतो आणि तिथेच फसतो. नक्षी शेवटी येते. खरा फरक आहे तो सालीच्या अरुंद पट्टीचं मोठं कापड कसं करायचं यात. एक तर पट्ट्या खळीने चिकटवायच्या, नाही तर साल आंबवून कुटता कुटता तिचे तंतू एकमेकांत मुरवायचे.

झाड चौघांचं एकच. ते मुळांना फुटणाऱ्या धुमाऱ्यांवर लावतात. साधारण वर्ष-दीड वर्षात खोड दोन-तीन सेंटिमीटर जाड झालं की तोडायचं. बाजूचे कोंब कोवळे असतानाच खुडावे लागतात. एखादी फांदी फुटू दिली, की सालीला तिथे डोळा पडतो आणि कुटताना त्याचं भोक होतं. खोड जास्त दिवस ठेवलं तर साल राठ होते, पसरत नाही. तोडल्यावर साल अखंड सोलायची, बाहेरचं करडं आवरण काढून टाकायचं आणि आतली पांढरी साल शेवटपर्यंत ओली ठेवायची. कुटून पट्टीची रुंदी चौपट-पाचपट होते, लांबी मात्र थोडी आखडते.

एकट्याने शिकायचं असेल तर आमचं मत सरळ सामोआच्या बाजूने आहे. तिथे कुटण्याआधी साल तिरक्या फळीवर ठेवून, पाणी मारत शिंपल्यांनी खरवडतात. आधी गुळगुळीत धारेचा शिंपला, शेवटी रेघांचा. निम्मं काम इथेच होतं, कारण हिरवट गर निघून जातो आणि तंतू कुटण्याआधीच फाकायला लागतात. गर राहिला तर वाळल्यावर तिथे तपकिरी डाग उमटतो, आणि तो रंगाखालीही लपत नाही. मग चौकोनी मोगरीने कुटायचं. तिची खाचांची बाजू आधी, सपाट बाजू शेवटी. क्रम उलटला की कापडावर रेघा राहतात. मोगरी सुरूच्या लाकडाची; कोकणातल्या किनाऱ्यावर असतो तोच हा सुरू, आणि लाकूड चांगलं जड. मग दोन थर आरारूटासारख्या एका कंदाच्या खळीने चिकटवतात. कंद अर्धवट शिजवून थेट कापडावर घासायचा. गुठळी राहिली तर टेंगूळ येतं, आणि पुढे रंग नेमका तिथेच साचतो.

सिआपोचेही दोन प्रकार आहेत. ‘एलेइ’मध्ये कापड कोरलेल्या फळीवर ठेवून वरून रंगाचा बोळा घासतात, ‘मामानू’मध्ये केवड्याच्या जातीच्या फळाची वाळलेली पाकळी कुंचल्यासारखी धरून हाताने चितारतात. रंगांची झाडं आपल्याला अनोळखी नाहीत. तपकिरी रंग बोक नावाच्या झाडाच्या सालीचा, काळा रानअक्रोडाच्या काजळीचा, लाल शेंद्रीचा, पिवळा हळदीचा.

टोंगाचं तंत्र याच जातीचं, पण आवाका वेगळा. तिथे दोन थर एकमेकांना आडवे ठेवतात, म्हणून कापड एका दिशेने टरकन फाटत नाही. लांब, वरून गोलसर मेजावर नक्षीचे ‘कुपेसी’ साचे बांधतात. हे साचे पारंपरिक पद्धतीत नारळाच्या हिरांनी शिवलेले असतात. वर थर पसरायचे आणि रंगाचा बोळा जोर लावून घासायचा. कागदाखाली नाणं ठेवून पेन्सिल घासल्यासारखी नक्षी वर येते. मग तिच्या कडा काळ्या रंगाने हाताने गडद करतात. बायका मेजाच्या दोन्ही बाजूंना बसतात, एक टप्पा झाला की कापड पुढे सरकतं. टप्प्याला ‘लांगांगा’ म्हणतात आणि त्याचा आकडा कापडाच्या काठावर लिहितात. पन्नास लांगांगांचा ‘लाउनिमा’ वीस मीटरहून लांब भरतो. हे एकट्यादुकट्याचं कामच नाही. आठ-दहा जणींचा गट आणि मोठी शेड हाताशी नसेल, तर न्गातूच्या मागे लागू नका.

फिजीचं मासी नक्षीसाठी शिकावं. तिथे पानांतून आकार कापून त्यावरून रंग देतात. हल्ली जुन्या एक्स-रे फिल्मही वापरतात. काळ्या-तांबड्या भौमितिक रेघा धारदार हव्या असतील तर याला तोड नाही. रंग पातळ झाला की साच्याखाली पाझरतो, एवढं सांभाळायचं. तयार पांढरं मासी विकत घेऊन फक्त छपाई शिकता येते. वेळ कमी असणाऱ्याने तेच करावं.

हवाईचा कापा सगळ्यांत नाजूक आणि सगळ्यांत कठीण. पहिली कुटाई दगडावर, गोल सोट्याने. पट्ट्या वाळवून ठेवतात, मग पुन्हा भिजवून, पानांत गुंडाळून आंबवतात. दुसरी कुटाई लाकडी ऐरणीवर, चौकोनी मोगरीने. या वेळी पट्ट्यांच्या कडा एकमेकींत अशा मुरतात की सांधा शोधून सापडत नाही. मोगरीवर कोरलेली नक्षी कापडात पाणचिन्हासारखी उतरते; उजेडासमोर धरलं तरच दिसते. छाप मारायचे ते बांबूच्या पट्ट्यांचे. अडचण आहे ती आंबवण्याची. कमी आंबलं तर कडा जुळत नाहीत, जास्त आंबलं तर मोगरीखाली लगदा होतो. घड्याळ इथे उपयोगाचं नाही, बोटांनी चाचपूनच कळतं. एकोणिसाव्या शतकात सुती कापड आलं आणि ही कला जवळपास मोडली. १९७०च्या दशकापासून संग्रहालयांतले जुने नमुने आणि अवजारं अभ्यासून ती पुन्हा बसवावी लागली. सुरुवात इथून केली तर पहिल्या काही खेपा वाया जातील असंच धरून चाला.

नुसतं विकत घ्यायचं असेल तर कापड उजेडासमोर धरा. खळीचे ढग दिसले तर ते चिकटवलेलं आहे. त्यात वाईट काही नाही, पण ते पाण्यात घातलं की थर सुटतात. शिवाय खळीला कसर लागते आणि आपल्या पावसाळ्यात बुरशी धरते. घडी घालू नका, घडीच्या रेषेवर रंग तडकतो. जाड नळीवर गुंडाळून, सुती कापडात बांधून ठेवा आणि पावसाळ्यानंतर एकदा सावलीत उघडून हवा दाखवा.