जुन्या वळणाची पाटी: यात्रा, मोदक की रोझा?

दुकानाच्या पाटीला, लग्नपत्रिकेला किंवा लोणच्याच्या लेबलला ‘जुना लूक’ द्यायचा म्हटलं की फुकट मिळणारे तीन देवनागरी फॉन्ट हमखास समोर येतात: यात्रा वन, मोदक आणि रोझा वन. तिन्ही गूगल फॉन्ट्सवर आहेत. परवाना खुला असल्यामुळे धंद्यासाठी वापरायलाही पैसे पडत नाहीत, आणि तिन्हींत जाडी एकेकच आहे. मग ठरवायचं कशावरून? तुम्हाला कुठलं ‘जुनं’ हवंय त्यावरून. कारण या तिघांचा भूतकाळ एक नाही.

यात्राचं जुनेपण आपल्या अगदी ओळखीचं आहे. मुंबईच्या लोकल स्थानकांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्या पाहून कॅथरीन ली श्मिट यांनी तो घडवला. देवनागरीचा बोरू रोमन लिपीच्या टाकापेक्षा उलट्या बाजूला तिरका कापलेला असतो, त्यामुळे रेघेचा जाड भाग आणि बारीक भाग वेगळ्या जागी पडतात. पुष्कळ द्विलिपी फॉन्टांत रोमन अक्षरांचा तोल देवनागरीवर लादलेला दिसतो. इथे इंग्रजी अक्षरांनी देवनागरीच्या लेखणीचा कोन उचललाय. म्हणून ‘दादर’ हा शब्द दोन्ही लिप्यांत एकाखाली एक लिहून पाहिला तर दोन्ही एकाच रंगाऱ्याच्या हातचे वाटतात. मला या फॉन्टमधली ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

पाटीसाठी या जुळणीचा उपयोगही आहे. दुकाने-आस्थापना कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात दुकानाच्या पाटीवरची मराठी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. देवनागरीला वर रफार-मात्रा आणि खाली उकार, म्हणजे उंची जास्त लागते. दोन लिप्या एका पाटीवर बसवताना त्यांचं आपसात जमलं नाही तर एक ठळक आणि दुसरी चिकटवल्यासारखी दिसते. यात्रात ही अडचण फारशी येत नाही. अक्षरांच्या आतली पोकळी मोकळी असल्यामुळे रस्त्याच्या पलीकडूनही नाव वाचता येतं. उपाहारगृह, पुस्तकांचं दुकान, स्थानिक महोत्सव, शहराच्या इतिहासावरचं प्रदर्शन अशा कामांना मी दुसरा पर्याय शोधणार नाही. नाजूक, घरंदाज पत्रिकेला मात्र तो रांगडा पडेल.

मोदक हा ‘एक टाइप’ नावाच्या मुंबईच्या संस्थेचा. अक्षर इतकं फुगवलंय की आतल्या पोकळीची नुसती चीर उरते. घाटात तो सत्तरच्या दशकातल्या गुबगुबीत पोस्टर-अक्षरांच्या कुळातला वाटतो. मिठाईचा डबा, लहान मुलांचं शिबिर, गणपतीतला कार्यक्रम अशा ठिकाणी एक-दोन शब्दांत तो जी मजा आणतो ती बाकी दोघांना जमत नाही. पण ‘एक-दोन शब्दांत’ हे अगदी शब्दशः घ्या. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांच्यातला फरक जेमतेम एका वळणाचा. आकार लहान केला, की ती चीर शाईने बुजते आणि फरकही जातो. ‘लाडू’ सुरेख दिसेल, ‘श्रद्धा गृहोद्योग, शुद्ध तुपातील पदार्थ’ ही ओळ मात्र वाचणाऱ्याला ठेचकाळायला लावेल.

रोझा वन इंडियन टाइप फाउंड्रीचा. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये जाहिरातींच्या भित्तिपत्रकांसाठी अतिशय जाड आणि अतिशय बारीक रेघांची अक्षरं निघाली. रोझाची इंग्रजी अक्षरं थेट त्या घराण्यातली, आणि देवनागरीतही तोच टोकाचा जाड-बारीकपणा आणलाय. चांगल्या कागदावर, मोठ्या आकारात, भोवती भरपूर मोकळी जागा सोडून हा फॉन्ट विलक्षण देखणा दिसतो. पत्रिका, मासिकाचं शीर्षक, अत्तराचं लेबल ही त्याची कामं. व्हिनाइल कापून लावायची पाटी असेल तर टाळा, बारीक रेघा आधी निघतात.

नावाला भुलून काही जण श्रीखंड नावाचा फॉन्ट उतरवून घेतात. तो फार सुंदर आहे, पण गुजराती आणि रोमन लिपीसाठी. त्यात मराठी टाइप केलंत तर संगणक गुपचूप दुसराच फॉन्ट लावतो.

कुठलाही निवडलात तरी आधी स्वतःचं नाव, जोडाक्षरांसकट, टाइप करून छापून पाहा. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येतात का? ‘वऱ्हाड’मधला अर्धा र नीट बसतो का? ‘ॲ’ आहे का? एवढं पाहिल्याशिवाय छपाईला देऊ नका. हे सगळे युनिकोड (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला संकेत देणाऱ्या पद्धतीचे) फॉन्ट आहेत, त्यामुळे डीटीपीवाल्याकडचा युनिकोडपूर्व जुन्या फॉन्टांतला मजकूर त्यांत थेट चालत नाही, आधी युनिकोडमध्ये आणावा लागतो. इलस्ट्रेटर या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये काम असेल तर त्यातली वर्ल्ड-रेडी कंपोझर ही भारतीय लिप्या नीट जुळवणारी सोय चालू करायला सांगा, नाहीतर वेलांट्या भलत्या जागी जातात. पत्ता, दर, वेळा यांसाठी यांतला एकही फॉन्ट नको. तिथे मुक्तासारखा साधा, वेगवेगळ्या जाड्यांचा फॉन्ट घ्या.

आणि मराठी नाटकांच्या जाहिरातींतलं जुनेपण हवं असेल, तर नाटकांची शीर्षकं हाताने घडवणारे अक्षरकार कमल शेडगे यांची अक्षरं डोळ्यांपुढे आणा. शीर्षकाच्या अर्थाप्रमाणे त्यांचं अक्षर दर वेळी नव्याने घडायचं. ते कुठल्याही तयार फॉन्टमधून मिळणार नाही. त्यासाठी फॉन्टचा नाद सोडून अक्षरकाराकडूनच नाव लिहून घ्या.